दोर तुटत नाही

च्यातुरात शाळा डोंगरावर, बाजार दरीत,
मधे लोखंडी पाळणे, माझ्या आईच्या वयाचे.
म्हणून सातवीच्या वर्गाला मी म्हटलं,
गोष्ट पाळण्यात घडू द्या.
तिकीट, रांग, सकाळ, हवामान
हे सगळं खालच्या स्थानकावर ठेवून या.
नमनाला घडाभर तेल घालायला
आपला तासच मुळी चाळीस मिनिटांचा.
पाळणा अर्ध्यात आचका देऊन थांबतो,
तिथून पहिलं वाक्य.

पेनं चालली. मी खिडकीशी उभी.
खाली क्विरिला, मँगनीजनं काळपट,
आपली वाहत होती, पाल्हाळ लावत.

वह्या गोळा केल्या.
एकोणीस गोष्टी. एकोणीस दोर तुटले.
इमेदाचा तर दोनदा तुटला.
एका तासात शंभरावर माणसं दगावली,
त्यात मुख्याध्यापक तीन वेळा.

"आता दोर तुटणार नाही," मी फळ्यावर लिहिलं,
खाली रेघ ओढली.
वर्ग असा कण्हला, जणू सहल रद्द झाली.
मग होणार तरी काय, बाई?
काही नाही. वीज गेलीय. सहा मिनिटांत येईल.
शेजारी एक बाई उभी आहे,
तिच्या हातात काय आहे तेवढं सांगा.
आणि दुःखी, एकाकी, भयाण हे शब्द
आज माझ्या टेबलाच्या खणात, कुलूप लावून.

बोंदोनं तिला बादली दिली. बादलीत जिवंत मासा.
बरं. मासा कुणाकडे बघतोय?
बोंदो विचारात पडला.
सप्टेंबरपासून मी त्याला तसा पाहिला नव्हता.
गुलनाझीनं उशी दिली. का, तिलाच ठाऊक नाही.
ठाऊक नसलं तरी चालेल, मी म्हटलं,
उशी घट्ट धरलीय की सैल, ते मात्र ठाऊक हवं.

त्सिआला शेवटी उठली.
दीड पान. तिच्या बाईच्या हातात
दाराची पितळी मूठ.
नुसती मूठ. चार स्क्रू रुमालात बांधलेले.
बाई रुमाल सोडते, स्क्रू मोजते, पुन्हा बांधते.
कुणी काही विचारत नाही.
एक मुलगा सूर्यफुलाच्या बिया सोलतोय.
मग ती मूठ
पाळण्याच्या दाराला लावून बघते.
बसत नाही.
वीज येते.

संपली?
संपली.

"पण दार कुठंय?" इमेदा.

मला माहीत होतं दार कुठंय.
वरच्या आळीत, जिथं खाण खालून पोखरत आली
आणि भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली.
त्या ओट्यावर बसून मी अक्रोड फोडून खाल्लेत.
सांगावंसं वाटलं. वाक्य ओठांवर तयार,
चांगलं, लांब, त्यात "विस्थापन" हा शब्द.
खडू उचलला.
ठेवला.
बावीस वर्षं मुलांना बजावत आले,
शेवट समजावू नका;
न समजावता गिळायचं कसं
ते त्या दिवशी माझ्या घशाला कळलं.

त्सिआलाच म्हणाली, इमेदाकडे न बघता,
"ते गोष्टीत नाहीये."

मी तिच्या वहीत एक स्वल्पविराम दुरुस्त केला.
तो मुळात बरोबर होता,
हे रात्री भांडी घासताना लक्षात आलं.

घंटा झाली. इमेदा मागं रेंगाळला.
खिशाला सूर्यफुलाच्या बियांचा वास.
बाई, तुटायला नको, ठीक.
पण थोडासा उसवला तर?

एक तार, मी म्हटलं. एकच.
आणि तो आवाज फक्त माशाला ऐकू जाऊ दे.

मासा बोंदोचाय, बाई.

मग बोंदोला विचार.